गुपितापुरते आतले, बोनसपुरते बाहेरचे

मुदत टळून गेलेलं अपील दाखल करायचं असलं की सोबत विलंबमाफीचा अर्ज लागतो. मुदत कायदा १९६३, कलम ५. उशिराला 'पुरेसं कारण' दाखवायचं. कारणं ठरलेली असतात. पक्षकार आजारी होता, निकालाची नक्कल उशिरा हाती आली, आणि ही दोन्ही चालण्यासारखी नसली तर हुकमी एक्का: 'अर्जदाराच्या वकिलांच्या कारकुनाच्या नजरचुकीने सदर कागद दुसऱ्या फायलीत ठेवला गेला.' हे वाक्य टाइप कोण करतं? कारकून. पानांवर नंबर कोण घालतं? कारकून. शपथेसाठी पक्षकाराला दंडाला धरून नोटरीपुढे कोण उभं करतं? तोच. स्वतःच्या निष्काळजीपणाचा पंचनामा स्वतः लिहून, दोऱ्यात ओवून, खिडकीवर स्वतःच दाखल करणारा दुसरा इसम माझ्या पाहण्यात नाही.

मी वकिलाचा कारकून आहे, जिल्हा न्यायालयात. कोणत्या जिल्ह्यात ते सांगत नाही. सांगितलं तर उद्यापासून फायली उचलायला दुसरा मिळेल.

या अर्जांबद्दल न्यायालयांचं धोरण उदार आहे आणि ते असायलाच हवं. वकिलाच्या कसुरीचा फटका निष्पाप पक्षकाराला बसू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात सांगितलं. १९८७ च्या कातीजी प्रकरणात मुदतीच्या प्रश्नाकडे सढळपणे पाहा, असं बजावलं. अगदी रास्त. शेत सोडून तालुक्याला येणाऱ्या माणसाला मुदत कुठली कळायला! पण या उदारतेचं बिल कोणाच्या नावावर फाटतं ते पाहा. पक्षकार सुटतो, वकीलसाहेब सुटतात, अर्ज पाचशे-हजाराच्या खर्चावर मंजूर होतो, आणि जगातला सगळा विसरभोळेपणा ज्याच्या डोक्यावर थापला, त्याचं अर्जात नावही नसतं. फक्त हुद्दा. नाव नाही, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. विचारत नाही, म्हणून तो नाकारूही शकत नाही. एखादे न्यायाधीश खमके निघतात आणि म्हणतात, ज्या कारकुनाची चूक झाली त्याचंच शपथपत्र आणा. मग मात्र वकिलांच्या टेबलावर शांतता पसरते. कारण फाइल कधीच हरवलेली नसते. ती साहेबांच्या कपाटात, राहिलेल्या फीची वाट पाहत, व्यवस्थित बसलेली असते. माझं म्हणणं एवढंच, की असं शपथपत्र हा अपवाद न राहता रिवाज व्हावा. कारकुनाला दोष द्यायचाय? द्या. पण त्याच्या पूर्ण नावानिशी, त्याच्या सहीनिशी, आणि खोटं असेल तर 'मी सही करत नाही' म्हणण्याची त्याला मुभा ठेवून.

हल्ली आम्हा लोकांना नीतिमत्ता शिकवण्याची टूम निघाली आहे. कारकून, टायपिस्ट, स्टेनो, लॉ फर्ममधले पॅरालीगल, सगळ्यांना सभागृहात बसवतात. पडद्यावर अक्षरं येतात: गोपनीयता, सचोटी, वक्तशीरपणा. वक्ते अर्थातच वकील. मागल्या रांगेत बसून मी विचार करत असतो, की ही गोपनीयता आम्हाला नवीन आहे असं यांना का वाटतं?

कारण या देशाच्या कायद्याला आमची गोपनीयता दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं: पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं वकिलाने त्याच्या संमतीवाचून उघड करू नये. लगेच पुढचं कलम १२७: हेच बंधन दुभाष्यांना आणि वकिलांच्या कारकुनांना व नोकरांना. १ जुलै २०२४ पासून तो कायदा गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. सगळं उलटंपालटं झालं, कलमांचे आकडे बदलले, जुन्या वकिलांना नव्याने पाठांतर करावं लागलं; पण आम्ही जागच्या जागी. कलम १३२, पोटकलम ३. म्हणजे कायद्याने गृहीतच धरलंय की वकिलाच्या कोठडीत जे बोललं जातं ते कारकुनाच्या कानावर पडतंच. नवऱ्याने बायकोच्या नावावर केलेली जमीन, भावाने भावाला न दाखवलेलं मृत्युपत्र, पोरीच्या फारकतीचं खरं कारण, सगळं. अडलेला माणूस वकिलाशी बोलतो त्याआधी बाहेरच्या बाकावर कारकुनाशी बोलतो. हे कायद्याला कळलं होतं.

आता दुसरं पान उलटा. मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्ममधल्या कर्मचाऱ्यांनी बोनस मागितला. वाद औद्योगिक न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६२ साली निकाल लागला: नॅशनल युनियन ऑफ कमर्शियल एम्प्लॉईज विरुद्ध मेहेर. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. आपले मराठी, कामगार कायद्यातलं मोठं नाव, पुढे राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी काय म्हणावं? सॉलिसिटरची सेवा ही त्याच्या व्यक्तिगत विद्वत्तेची सेवा. कार्यालयात कोणी टंकलेखन करतं, कोणी हिशेब ठेवतं, कोणी किरकोळ कामं करतं. पण पक्षकाराला मिळणाऱ्या सल्ल्याशी त्यांच्या कामाचा थेट, आवश्यक असा संबंध नाही. सबब हा 'उद्योग' नव्हे. सबब बोनस नाही.

शेजारी शेजारी ठेवून वाचा हे दोन कागद. गुपितापुरता मी इतका आतला, की माझं तोंड कायद्याने शिवलेलं. बोनसपुरता इतका बाहेरचा, की माझा त्या कामाशी आवश्यक संबंधच नाही. ज्या सल्ल्याशी माझा संबंध नाही, तो सल्ला बाहेर फुटला तर मात्र जबाबदार मी!

१९७८ साली बंगलोर वॉटर सप्लाय प्रकरणात सात न्यायमूर्तींनी 'उद्योग' या शब्दाचा पैस वाढवला, १९६२ चा निकाल रद्द ठरवला. मोठ्या फर्ममधल्या लोकांना दार किलकिलं झालं. पण त्याच निकालात एकट्यादुकट्या वकिलाला, हाताखाली एखादा मदतनीस ठेवणाऱ्याला, 'उद्योगा'बाहेर ठेवलं. आता कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात जाऊन मोजा. एक वकील, एक कारकून, एक टेबल, दोन लोखंडी कपाटं. म्हणजे आम्हा बहुतेकांसाठी दार उघडलं ते भिंतीवर काढलेलं. पुढे १९८४ साली केरळातल्या एका वकील फर्मच्या कर्मचाऱ्याने दुकाने व आस्थापना कायद्याचा आधार घेऊन पाहिला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वकिलाचं कार्यालय म्हणजे व्यापारी आस्थापना नव्हे. खरंच आहे. दुकानात निदान पगाराची तारीख ठरलेली असते.

मला माहीत आहे, वाचणारा म्हणेल की हा नीतिमत्तेवर लिहायला बसला आणि पगारावर घसरला. घसरलो नाही, मुद्दाम आलो. कारण माझ्या धंद्यातली अनीती नेमकी त्या पगाराच्या फटीतून आत येते.

तिचं नाव 'खर्च'. पक्षकाराला सांगितलं जातं, साहेबांची फी वेगळी, खर्च वेगळा. खर्चात कोर्ट फी स्टॅम्प असतो, टायपिंग, झेरॉक्स, नकलेची फी, बेलिफाचा भत्ता असतो. या सगळ्याला पावती मिळते किंवा मिळू शकते. आणि या सगळ्याच्या खाली एक ओळ असते जिला नाव नाही. फाइल वर काढायची, समन्स लवकर निघायला हवं, नक्कल आजच्या आज हवी, तारीख जवळची पडली पाहिजे. वकील त्या ओळीला कधीच हात लावत नाही. काळा कोट स्वच्छ ठेवायचा असतो. तो मान न वळवता, मोबाइलकडे बघत म्हणतो, 'ते तू बघून घे.' बस. या चार शब्दांवर कोर्टाच्या आवारातली निम्मी नीतिमत्ता उभी आहे. यात 'लाच' हा शब्द नाही, आकडा नाही, माणसाचं नाव नाही. उद्या चौकशी झाली तर साहेब छातीला हात लावून म्हणू शकतात की मी त्याला फक्त चौकशी करायला पाठवलं होतं.

आणि चौकशी होते तेव्हा पकडला कोण जातो? ज्याच्या हाताला पावडर लागली तो. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग काही 'ते तू बघून घे' या वाक्यावर पावडर लावू शकत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. कार्यशाळेच्या पडद्यावरही ते मला कधी दिसलं नाही. लाच देणारा आता सरळ गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच संरक्षण. शिवाय कलम ७-अ: सरकारी नोकरावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेणारा खासगी माणूस, त्याला किमान तीन वर्षं. हा खासगी माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या बिरादरीतल्या पोरांना मी एवढंच सांगतो: साहेब 'बघून घे' म्हणाले की विचारा, 'काय बघून घेऊ, चिठ्ठीवर लिहून देता का?' नव्याण्णव टक्के कामं तिथेच विरतात. उरलेल्या एका टक्क्यात नोकरी विरते, हेही सांगतो.

आता आमच्या जातभाईंकडे वळतो. नाहीतर वाटेल कारकून म्हणजे गरीब गाय.

गाय वगैरे काही नाही. नकलेच्या फीचे चारपट पैसे पक्षकाराकडून उकळणारे आमच्यात आहेत. समोरच्या वकिलाच्या कारकुनाबरोबर चहा पिताना 'आमचे साहेब उद्या साक्षीदार आणणार नाहीत' एवढं सहज बोलून जाणारे आहेत, आणि त्या सहजतेचा दर ठरलेला आहे. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला असताना पक्षकाराला बाकावर बसवून 'केस आपलीच आहे, डोळे मिटून जिंकणार' असं छातीठोक सांगणारे तर ढीगभर. वकिली करण्याचा हक्क फक्त वकिलाला. बेकायदा वकिली केली तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. पण बाकावरची वकिली कोण मोजतो? वर्षानुवर्षं कागद हाताळून कारकुनाला प्रक्रिया पाठ होते हे खरं. कुठला अर्ज कुठल्या टप्प्यावर, कैफियतीचे तीस दिवस आणि फार तर नव्वद, हे त्याला नव्या ज्युनिअरपेक्षा चांगलं कळतं. पण तारीख सांगणं वेगळं आणि तडजोड कर की नको ते सांगणं वेगळं. ती रेघ आम्ही रोज ओलांडतो, आणि साहेबांना ते सोयीचं असतं, कारण तेवढा पक्षकार त्यांच्या डोक्याशी येत नाही.

मोबाइलबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. कुठल्याही कारकुनाच्या फोनची गॅलरी उघडा. मुलाच्या वाढदिवसाचा केक, त्याच्या शेजारी फारकतीच्या अर्जाचं पान तीन, मग गणपती, मग कोणाचं तरी आधार कार्ड, मग दोषारोपपत्रातला वैद्यकीय अहवाल. साहेबांना पाठवायला काढलेला फोटो; साहेबांना गेला आणि चुकून 'कोर्ट मित्र परिवार' या ग्रुपवरही गेला. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोचं कलम २३ आहे. आणि आवाराबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे बघा: फिकट आलेल्या, तिरप्या छापलेल्या प्रती तो फेकत नाही, कोऱ्या बाजूवर हिशेब करतो. माझ्या हातात एकदा अठ्ठावीस रुपयांचा हिशेब आला. मागे कोणाच्या तरी जबाबाचं पान होतं, नावगावासकट. तो कागद मी फाडला, दुकानदाराशी भांडलो. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कागदावर हिशेब करत होता. त्याची नीतिमत्ता कोणाच्या कार्यशाळेत बसते?

स्टॅम्पचंही तेच. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेचे मुद्रांक पाचशेवर गेले. पण जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढायला लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. कोऱ्या कागदावर चालतं. तहसीलच्या फाटकापाशी बसलेल्या टायपिस्टला हे माहीत नाही असं म्हणणं म्हणजे भटजीला तिथी माहीत नाही म्हणण्यासारखं. तरी दाखल्यासाठी आलेल्या पोराच्या आईकडून पाचशे निघतातच. तिला 'ताई, याला स्टॅम्प लागत नाही' एवढं सांगायला कुठली आचारसंहिता लागते?

बरं, पाचशेवरून आठवलं. दलालांचा बंदोबस्त करायला संसदेने २०२३ साली अधिवक्ता अधिनियमात कलम ४५-अ घातलं. ३० सप्टेंबर २०२४ पासून ते लागू झालं. न्यायालयांनी दलालांच्या याद्या लावायच्या, यादीतला माणूस दलाली करताना सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये. एका स्टॅम्प पेपरची किंमत! आणि यादीत नाव कोणाचं लागणार? केस आणून देणाऱ्याचं. केस घेणाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीवर असतं, ते आणखी कुठे कशाला लावायचं? मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात पक्षकारांवर झडप घालून हातातले कागद हिसकावणारी माणसं १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली होती. ती कारकून नव्हती. सनदधारी वकील होती.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न आहे, पण त्यांनी दोरीचं टोक बरोबर धरलं. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत १९८३ पासून नियम ५.३ आहे: हाताखालचा बिनसनदी माणूस वकिलाच्या व्यावसायिक कर्तव्यांशी सुसंगत वागतो की नाही हे पाहणं वकिलाचं काम, आणि वकिलाने सांगितलं असेल, किंवा कळूनही गप्प बसला असेल, तर दोष वकिलाचा. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००७ पासून पॅरालीगलला स्वतःचं लायसन्स आहे, स्वतःची आचारसंहिता आहे, ठरावीक प्रकरणांत तो स्वतः उभा राहतो. आपल्याकडे? सर्वोच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डचं ऑफिस न्यायालयापासून सोळा किलोमीटरच्या आत हवं आणि त्याने महिन्याभरात नोंदणीकृत कारकून नेमण्याची हमी द्यायला हवी. ऑफिस किती लांब ते मोजलं. कारकुनाला किती द्यायचं ते मोजायला टेप पुरला नाही.

विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकांची गोष्ट निराळी आहे. २००९ च्या योजनेतून आलेली ही माणसं: अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक, कॉलेजची पोरं. त्यांना प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र मिळतं, थोडंफार मानधन मिळतं, आणि पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नाहीत हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं. त्यांच्यातलेही काही 'अमुक वकिलांकडे जा' म्हणून चिठ्ठी देतात, पण निदान चिठ्ठी दिली म्हणून त्यांना काढून टाकणारं कोणी वर आहे. आमच्या वर फक्त साहेब.

यावर वकील मंडळींचं एक उत्तर तयार असतं आणि ते खोटं नाही. छोट्या वकिलाला परवडत नाही. ज्युनिअरलाच जिथे गाडीच्या पेट्रोलपुरते मिळतात, तिथे कारकुनाला कुठून द्यायचे? मान्य. पण ज्युनिअरचं दुखणं निदान ऐकलं गेलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: शहरात महिना किमान वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा. सक्ती नाही, शिफारस. किती जण पाळतात ते मी रोज बघतो. तरी कागदावर आकडा तर आला. तमिळनाडूने १९९९ साली आणि केरळने २००३ साली वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचे कायदे केले. महाराष्ट्रात वकिलांसाठी तसा कायदा १९८१ पासून आहे. त्या निधीचं तिकीट वकीलपत्रावर चिकटवायचं काम माझं. चिकटवल्याशिवाय खिडकीवर कागद घेत नाहीत.

आणि समजा पैसे खरोखरच नाहीत. नियुक्तीपत्राला पैसे पडत नाहीत. नाव, काम, वेळ, पगाराची तारीख, आणि एक ओळ, की कार्यालयाच्या वतीने कोणत्याही कर्मचाऱ्याला पावतीशिवाय रक्कम देण्यास या कारकुनाला सांगितलं जाणार नाही. मसुदा मी करून ठेवला आहे, दोन प्रतींत. गेले काही महिने तो साहेबांच्या टेबलावर आहे. बघतो म्हणालेत.